जुन्या बीबीसी मायक्रोवर प्रोग्राम लिहायला भाषा कोणती घ्यावी?

1984 च्या 'क्लास' या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पात शाळांना मिळालेला बीबीसी मायक्रो संगणक अडगळीतून हाती लागला, तर पास्कल, फोर्थ या भाषांच्या चिपा शोधत बसू नका. सरळ बेसिक घ्या. ती रॉममध्येच, म्हणजे यंत्रातल्या कायमच्या मेमरीत असते, बटण दाबलं की हजर. आमच्या गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. चिप नसेल तर दरवेळी कॅसेटवरून भाषा चढवायला वेळ कोणाला आहे?

मेमरी जेमतेम 32 केबी. स्क्रीनचे वेगवेगळे मोड असतात; मोड 0 ची स्क्रीन त्यातली 20 केबी खाते, मोड 7 ची फक्त 1. कापसाच्या चुकाऱ्याचा हिशेब मोड 7 मध्ये आरामात होतो. लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी) मोजणाऱ्या चलाच्या नावामागे % लावा, तो पूर्णांक होतो आणि लूप पळतो. वजनाला मात्र लावू नका, दशांश उडतो. माझ्या साडेबारा क्विंटलचे असेच बारा झाले होते!

त्याहून वेग हवा, तर बेसिकमध्येच चौकोनी कंस टाकून असेंब्ली (प्रोसेसरला थेट सूचना) लिहा. ब्रेकची कळ चुकून दाबली तर लगेच 'ओल्ड' टाइप करा, प्रोग्राम परत येतो. लाइन गेल्यावर नाही येत; दर दहा ओळींनी सेव्ह मारा.