भिडूची उतारी परत करण्याआधी

ब्रिज या पत्त्यांच्या खेळात बचावाला बसलो, म्हणजे समोरच्या जोडीने बोललेले हात होऊ न देण्याच्या बाजूला, की माझा हात बरीच वर्षं आपोआप चालायचा. भिडूने इस्पिक उतरलं, म्हणजे पहिलं पान इस्पिकचं खेळलं, मी एक्क्याने हात घेतला की इस्पिकच परत. भिडूला बरं वाटतं, आपल्यालाही विचार करावा लागत नाही. ही खोड मोडली ती एका डावाने, आणि तो डाव मला पानापानासकट आठवतो.

डिक्लेररने (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याने) एक नो-ट्रम्पने, म्हणजे हुकुमाशिवायच्या बोलीने, सुरुवात केली, म्हणजे त्याच्या मोठ्या पानांचे १५ ते १७ गुण. त्याच्या भिडूने थेट तीन नो-ट्रम्प केलं, म्हणजे तेरापैकी नऊ हात करायचे. माझ्या भिडूची उतारी इस्पिकची पंजी. डमी, म्हणजे डिक्लेररच्या भिडूची टेबलावर उघडी मांडलेली पानं, माझ्या उजव्या हाताला उघडली:

इस्पिक ७, ३
बदाम राजा, गुलाम, ४
चौकट राजा, राणी, गुलाम, १०, ५
किलवर ८, ६, ३

माझ्याकडे:

इस्पिक एक्का, ९, २
बदाम ८, ५, ३
चौकट एक्का, ७, ४
किलवर राजा, राणी, १०, ९

डमीतून तिर्री पडली, मी एक्का टाकून हात घेतला आणि दुसऱ्या क्षणी इस्पिकची नव्वी परत केली. डिक्लेररने ती राणीने मारली, चौकट खेळून माझा एक्का बाहेर काढला आणि अकरा हात केले. भिडू काही बोलला नाही. नुसती पानं उलटी करून माझ्यापुढे सरकवली.

आता तोच डाव, पण एक्का टाकण्याआधी अर्धा मिनिट थांबून. (थांबायचं ते पहिल्याच हाताला. पुढे कुठेतरी अडून बसलात, तर तुमच्याकडे काय आहे ते सगळ्या टेबलाला कळतं.)

पहिलं काम गुणांची बेरीज. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, पूर्ण जोडात ४०. डमीत १०, माझ्याकडे १३, उरले १७. डिक्लेररकडे निदान १५ आहेतच, म्हणजे भिडूकडे जास्तीत जास्त २! न दिसणारी चित्रं कोणती? इस्पिकचे राजा, राणी, गुलाम. बदामचे एक्का, राणी. किलवरचे एक्का, गुलाम. दोन्ही एक्के आणि इस्पिकचा राजा भिडूकडे असूच शकत नाहीत.

दुसरं, पंजी काय सांगते? आम्ही लांब रंगातलं वरून चौथं पान उतरतो. एक्का १४ धरला तर पंजीच्या वर नऊ पानं, त्यातली तीन भिडूकडे, राहिली सहा. अकरातून पाच वजा केले तरी तेच, हाच तो अकराचा नियम. सहापैकी डमीत सत्ती, माझ्याकडे एक्का आणि नव्वी, म्हणजे डिक्लेररकडे तीन. त्यात राजा आहेच. राणी आणि गुलाम मिळून तीन गुण होतात, भिडूकडे फार तर दोन. म्हणून त्यातलं एक तरी डिक्लेररकडेच. इस्पिकमध्ये त्याचे बहुधा दोन अडसर, म्हणजे आमचा रंग रोखणारी पानं. ते काढून भिडूची इस्पिकं मोकळी होईपर्यंत माझ्याकडची संपलेली, आणि त्याच्या हातात शिरायला दुसरी वाट नाही. इस्पिक मेलं.

मग तिसरा प्रश्न, आणि सगळी मेख इथेच: बुडवायला लागणारे पाच हात येणार कुठून? इस्पिकचा एक्का आणि चौकटचा एक्का, झाले दोन. तीन किलवरमधूनच यायला हवेत. त्यासाठी भिडूकडे काय लागेल? फक्त गुलाम. एकच गुण, हिशेबात बसतो. तो आहे की नाही याची खात्री कुणी देणार नाही. पण दुसरी कुठलीच वाट नसेल तर तो आहे असं धरूनच खेळायचं.

म्हणून दुसऱ्या हाताला किलवरचा राजा. भिडूकडे गुलाम आणि चौकी, दोनच किलवर होती. डिक्लेररने एक्का लगेच घेतला, तर त्याच्याकडे बदाम चार, इस्पिक दोन, किलवर एक, असे सातच हात. चौकटीला हात घालावाच लागतो. तिथे मी एक्का रोखून ठेवत नाही, लगेच घेतो आणि राणी, दश्शी, नव्वी वाजवतो. राणीखाली गुलाम पडतो, एक हात बुडाला. त्याने एक्का दाबून ठेवला तरी मी किलवरच खेळत राहतो, फरक पडत नाही.

हे धाडस दरवेळी नाही. डमीत अशी पाच चौकटींची रांग दिसली की घाई करायची, कारण एक्का गेला की डिक्लेररला चार हात फुकट मिळतात. डमी सपाट असेल, कुठे लांब रंगच नसेल, तर उलट: नवीन रंग आपण फोडायचा नाही, सुरक्षित पान परत करून त्यालाच झगडू द्यायचं.

आणि गुलाम डिक्लेररकडे निघाला असता तर? माझ्या राजाने त्याला किलवरमध्ये एक जास्तीचा हात दिला असता. टीमच्या सामन्यात त्याची किंमत गुणफलकावरचे ३० गुण, आणि बुडवायचं राहिलेलं तीन नो-ट्रम्प त्याला ४०० देतं, व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे असलेल्या स्थितीत) असेल तर ६००. तिथे मी डोळे मिटून राजा खेळतो. जोड्यांच्या स्पर्धेत मात्र इतर जोड्यांपेक्षा जास्त की कमी एवढंच मोजतात, म्हणून त्या ३० गुणांवरही आख्खं बोर्ड (तो डाव) जाऊ शकतं, तिथे अजूनही माझा हात क्षणभर अडखळतो.