पावसाळ्यातही व्यायाम सुटला नाही, तो असा

डिचोलीत जूनमध्ये पावसाने झड धरली की सकाळचं फिरणं बंद पडतं आणि ‘उद्यापासून घरीच करू’ म्हणताना तो उद्या काही उजाडत नाही. माझं घोडं अडायचं ते सुरुवातीलाच. म्हणून सुरुवात अगदी लहान केली: चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत ओट्याला धरून उठाबशा काढायच्या. बस्स, तेवढंच. चहा रोज होतोच, त्यामुळे वेगळी वेळ काढायची, आठवण ठेवायची कटकट उरली नाही. एकदा अंग गरम झालं की आपसूक सोप्यात जाऊन भिंतीला हात टेकून जोरही काढले जातात. जमिनीवरच्या जोरांपेक्षा हे सोपे, कारण बरंचसं वजन पायांवर राहतं. चटई मी गुंडाळत नाही. दमट हवेत कुबट वास धरते, शिवाय पसरलेली दिसली की पाय तिकडे वळतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण पहिल्याच आठवड्यात त्या आकड्यामागे लागू नका. चतुर्थीच्या गडबडीत माझा खंड पडला. पाहुणे गेल्यावर आधण ठेवलं आणि उठाबशा पुन्हा सुरू. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून उठा-बसा, सुरुवातीला तेही चालतं.