आठ बुद्धिमत्तांचा तक्ता: वर्गात काय घ्यावं, काय सोडावं

प्रशिक्षणातून आठ पाकळ्यांच्या फुलाचा तक्ता (एकेक पाकळी म्हणजे बुद्धिमत्तेचा एकेक प्रकार) घेऊन आलात, तर तो भिंतीवर खुशाल लावा. त्या पाकळ्यांत मुलांची नावं तेवढी लिहू नका. 'हा सांगीतिक, ती अवकाशीय' अशी वाटणी झाली की पुढचं सगळं बिघडतं.

बुद्धिमत्ता एकच की अनेक, हा वाद थोडक्यात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली सात बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, परस्परसंबंधांची आणि स्वजाणिवेची. निसर्गविषयक ही आठवी १९९०च्या दशकात आली. मेंदूला इजा झाल्यावर एखादी क्षमता एकटीच जाते का, तिचा स्वतंत्र विकासक्रम दिसतो का, अशा निकषांवर त्यांनी ही यादी केली. चाचण्यांच्या आकड्यांवर फारशी भिस्त ठेवली नाही. टीकाकार बोट ठेवतात ते इथेच. एका बौद्धिक चाचणीत वर असणारे साधारणपणे इतर चाचण्यांतही वर असतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीअरमन यांनी १९०४ सालीच दाखवलं होतं. २००६ साली कॅनडातल्या संशोधकांनी आठही क्षेत्रांच्या चाचण्या एकाच गटाला दिल्या, तेव्हा भाषा, गणित, अवकाश, निसर्ग यांतले गुण एकमेकांशी बऱ्यापैकी जुळले. संगीत आणि शारीरिक हालचाल मात्र थोडी फटकून राहिली. या दोन्हींना बुद्धिमत्ता म्हणायचं की कौशल्य, यावर अजून भांडण आहे. आमच्या मते सिद्धांत म्हणून पारडं टीकाकारांकडे झुकतं.

शिक्षकाचा प्रश्न वेगळा: मुलाच्या 'प्रकारा'प्रमाणे शिकवलं तर त्याला जास्त येतं का? २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी अध्ययनशैलींवरच्या (कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, या कल्पनेवरच्या) संशोधनाचा आढावा घेतला. असा फायदा दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हे, हे गार्डनर यांनीही २०१३ साली स्पष्ट लिहिलं. तरी आपल्याकडे दोन्हींची खिचडी एकाच कार्यशाळेत वाढली जाते.

आधी प्रश्नावली बाजूला ठेवा

'मला गाणी आवडतात', 'मला कोडी आवडतात' अशा वाक्यांवर खुणा करायच्या प्रश्नावलीतून आवड कळते, क्षमता नाही. गोव्यात त्यात आणखी एक फसगत आहे. सत्तरी, पेडणे, डिचोलीतल्या मराठी प्राथमिक शाळांत बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात. गावच्या जागराचं (रात्रीच्या लोकनाट्याचं) कथानक कोंकणीतून रंगवून सांगणारी मुलगी मराठीत तीन ओळी लिहून थांबते, आणि तिच्या नावापुढे 'भाषिक: कमी' अशी नोंद होते. ती नोंद शाळेच्या भाषेची आहे, मुलीच्या बुद्धीची नाही. म्हणून भाषेबद्दल काहीही लिहिण्याआधी तोच प्रश्न तोंडी विचारा, कोंकणीत उत्तर देऊ द्या, त्यातले चार-पाच शब्द फळ्यावर मराठीत मांडा आणि मग लिहायला सांगा. फरक बहुधा तिथेच दिसतो.

माध्यम पाठाने निवडावं

प्रत्येक पाठात आठही पाकळ्या बसवायचा अट्टहास करू नका. या पाठातली मुख्य कल्पना कशाने उघडते, एवढंच विचारा. ओवी किंवा आरती शिकवताना ठेका हा पाठाचाच भाग, तिथे टाळ्या हव्यातच. परिसर अभ्यासात चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीतली फळं वर्गात आणून हाताळणं, वास घेणं, वर्गीकरण करणं हाच विषय. (कवंडळ दिसायला देखणं, ते खायचं नाही, हे आधीच सांगा.) नकाशा काढून शिकतात आणि चालूनही.

अपूर्णांकात मात्र घुमट या मातीच्या वाद्याच्या ठेक्यावर आठ मात्रांच्या टाळ्या बसवायचा मोह टाळा. मुलं टाळ्या मोजतात, 'पूर्ण' कुठला ते हरवतं, आणि अर्धा म्हणजे चार असं डोक्यात बसतं. तिथे लांबी कामाला येते.

चौथीचा अपूर्णांक, कागदी पट्ट्यांनी

पट्टी २४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद. २४ अशासाठी की त्याला २, ३, ४, ६, ८ या सगळ्यांनी भाग जातो: अर्धा १२, तिसरा हिस्सा ८, पाव ६, आठवा ३. ए-फोर कार्डशीटच्या एका तावातून अशा ७ पट्ट्या निघतात. वीस मुलांच्या दहा जोड्या, जोडीला ५ पट्ट्या, म्हणजे ५० पट्ट्या आणि ८ ताव. पट्ट्या आदल्या दिवशी कापून ठेवा. वर्गात कापायला दिल्या की अर्धी तासिका कात्रीतच जाते.

एक पट्टी अखंड ठेवायची. तीन पट्ट्या घडी घालून अर्ध्या, पाव आणि आठव्या भागांच्या. पाचवी तीन भागांची. ती घडीने नीट जमत नाही, ८ सेंटिमीटरवर खुणा करून घ्या. मग सगळ्या एकाखाली एक लावून मुलांना बोलायला लावा: १/४ मोठा की १/८? 'आठ मोठा, म्हणून १/८ मोठा' हे उत्तर हमखास येतं. लगेच खोडू नका, पट्टी लावून बघायला सांगा. शेवटची दहा मिनिटं कुळागरातल्या सुपाऱ्या घ्या: २४ सुपाऱ्यांचे ३/८ किती? आधी आठ सारखे ढीग, मग त्यांतले तीन, म्हणजे ९. पट्टीवरून ढिगाकडे जाताना बरीच मुलं अडखळतात, कारण पट्टी एक असते आणि सुपाऱ्या चोवीस. इथे घाई नको.

एकाच कल्पनेकडे दोन-तीन वाटांनी जायचं आणि सगळ्या मुलांनी सगळ्या वाटा चालायच्या, यात गार्डनर यांच्या मांडणीतलं टिकाऊ ते सगळं येतं. 'शारीरिक' मुलांना पट्ट्या आणि 'तार्किक' मुलांना पुस्तकातली गणितं, अशी विभागणी केली तर ज्याला सरावाची जास्त गरज, नेमका त्याचाच सराव सुटतो.

कळलं का, ते तपासा

पट्ट्या उचलून घ्या आणि दुसऱ्या दिवशी चार प्रश्न द्या: १/४ व १/८ यांची तुलना चित्रासह, २४ चे ३/८, ० ते १ च्या रेषेवर ३/४ची जागा, आणि चार असमान भागांची आकृती, त्यातला एक रंगवलेला, तो १/४ आहे का? आठवड्याने आकडे बदलून हेच पुन्हा. पट्ट्या समोर असताना घेतलेली चाचणी फुगलेली येते, तिच्यावर जाऊ नका. जुन्या पद्धतीशी तुलना करायची तर दोन्हींना सारख्याच तासिका द्या, नाहीतर जास्त वेळ दिल्याचं श्रेय पद्धतीला जातं. चौथ्या प्रश्नात बरीच मुलं चुकली तर गडबड घडीत आहे: भाग सारखे का हवेत, हे बोललंच गेलेलं नाही.

प्रगतिपत्रकात 'अवकाशीय बुद्धिमत्ता उत्तम' असं न लिहिता काम लिहा: 'गावच्या नकाशात नदी, देऊळ, शाळा योग्य दिशेला दाखवतो, अंतराचं प्रमाण अजून चुकतं.' पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला यावरून कामाला लागता येतं.

पालक बोटांच्या ठशांचा अहवाल घेऊन आले तर

बोटांच्या ठशांवरून मुलाच्या बुद्धिमत्ता सांगणारी ही चाचणी डीएमआयटी या नावाने विकली जाते, आणि पालकांनी त्यावर काही हजार रुपये घातलेले असतात. म्हणून हसू नका. बोटांवरच्या रेघा जन्माआधीच तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत. त्यावरून बुद्धिमत्ता कळते याला शास्त्रीय आधार नाही, आणि इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तशी जाहीर भूमिका घेतली आहे. एवढं शांतपणे सांगा. अहवाल शाळेच्या फाईलला लावू नका, त्यावरून मुलाची बसायची जागा किंवा स्पर्धेतला सहभाग ठरवू नका. त्याऐवजी मुलाची वही उघडा, चार प्रश्नांचे दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि घरी पुढच्या पंधरवड्यात काय करून घ्यायचं ते एका ओळीत लिहून द्या. वाचनात किंवा अंकांत अडचण सतत दिसत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा.