पायथनचा पाया: दहा ओळींचे तुकडे आणि आधी लिहिलेला अंदाज

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसताना कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा. कोडचा तुकडा चालवण्याआधी त्याचं उत्तर काय येईल ते वहीत लिहायचं आणि मगच तो चालवायचा. उत्तर जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं तर तिथेच थांबा, कारण तुमची नेमकी कोणती समजूत चुकीची आहे ते तुम्हाला आत्ताच कळलं आहे. अंदाज न बांधता चालवलेला कोड बघताना पटतो आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलसमोर आठवत नाही.

पायथन 3 अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली 'पाथ'चा चौकोन दिसला तर त्यावर टिक करा. तो राहिला तर कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडत नाही. कोड लिहायला सोबत येणारा आयडल हा प्रोग्राम पुरेसा आहे: कंट्रोल-एन दाबून नवी फाइल, एफ-5 दाबून चालवा.

इथे कोड उच्चाराप्रमाणे लिहिला आहे. प्रिंट (print), इनपुट (input), इंट (int), फ्लोट (float), इफ (if), एलिफ (elif), एल्स (else), फॉर (for), इन (in), रेंज (range), लेन (len), डेफ (def), रिटर्न (return) हे पायथनचे स्वतःचे शब्द आहेत. ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायला आपण ठेवलेली, नावं मात्र देवनागरीत चालतात. कोडमधले आकडे 1, 2, 3 असेच हवेत. कोड वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवू नका. तिथली वळणदार अवतरणचिन्हं पायथनला कळत नाहीत आणि सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची तक्रार, येतो.

तर्री पोह्यांच्या बिलापासून सुरुवात करू.

प्लेट = 3
भाव = 40
प्रिंट(प्लेट * भाव)

120 येतात, त्यात काही विशेष नाही. आता दुसरी ओळ बदला:

भाव = इनपुट("एका प्लेटचा भाव: ")

चालवा आणि 40 टाइप करा. वहीत तुम्ही 120 लिहिलं असेल, पण पडद्यावर येतं 404040. इनपुटमधून आलेली प्रत्येक गोष्ट पायथनसाठी मजकूर असते, आणि मजकुराला 3 ने गुणलं की तो तीनदा लिहिला जातो. एररही येत नाही, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. उपाय म्हणजे इनपुटला इंटमध्ये गुंडाळणे:

भाव = इंट(इनपुट("एका प्लेटचा भाव: "))

आता मुद्दाम वेगवेगळं टाइप करून बघा. "40 रुपये" लिहिलं की व्हॅल्यूएरर. 40.5 लिहिलं तरी व्हॅल्यूएरर. दशांश हवे असतील तर इंटच्या जागी फ्लोट. आणि ४० असं देवनागरीत टाइप केलं तर? ते चालतं, इंट देवनागरी आकडे ओळखतो. तेच ४० थेट कोडमध्ये भाव = नंतर लिहिलं तर मात्र सिंटॅक्सएरर.

अट शिकायला नागपूरचा मे महिना उत्तम.

तापमान = 46
इफ तापमान >= 45:
    प्रिंट("दुपारी बाहेर पडू नका")
एलिफ तापमान >= 40:
    प्रिंट("दुपट्टा बांधून निघा")
एल्स:
    प्रिंट("पाण्याची बाटली घ्या")

आतल्या ओळींना चार स्पेस, आणि अटीच्या शेवटी अपूर्णविराम विसरू नका. आता दोन्ही अटींची जागा बदला: 40 ची आधी, 45 ची नंतर. 46 अंशांनाही "दुपट्टा बांधून निघा" असा सल्ला येतो. पायथन वरून खाली येतो, पहिली खरी ठरलेली अट घेतो आणि बाकीच्या बघतही नाही. त्यामुळे चाचणी नेहमी सीमेवर घ्यायची: 39, 40, 44, 45, 46. मधलाच एखादा आकडा घेऊन 'चालतंय' म्हणणाऱ्याचा कोड सीमेवर फसतो.

लूपला, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फेऱ्यांना, सगळ्यात जास्त वेळ द्या. पहिल्या दिवशी गल्ल्यात 1 रुपया, दुसऱ्या दिवशी 2, असं वाढवत गेलात तर:

बेरीज = 0
फॉर दिवस इन रेंज(1, 6):
    बेरीज = बेरीज + दिवस
प्रिंट(बेरीज)

बहुतेक जण 21 लिहितात. उत्तर 15 आहे, कारण रेंज शेवटचा आकडा घेत नाही; दिवस 1 ते 5 इतकेच जातात. इथे वहीत दोन रकाने आखा, एक दिवसाचा, एक बेरजेचा, आणि प्रत्येक फेरी हाताने भरा: 1 ला 1, 2 ला 3, 3 ला 6, 4 ला 10, 5 ला 15. कंटाळवाणं वाटेल, तरी भरा. लूप डोक्यात बसायला याहून चांगला मार्ग नाही.

मग दोन तोडफोडी करा. शेवटच्या प्रिंटला चार स्पेस देऊन आत ढकला: एकाऐवजी पाच ओळी छापल्या जातील. ते परत जागेवर आणा आणि बेरीज = 0 ही ओळ लूपच्या आत न्या: उत्तर 5. प्रत्येक फेरीत गल्ला रिकामा होतो, म्हणून शेवटच्या दिवसाचेच पैसे उरतात.

यादीत मोजणी शून्यापासून का, हा प्रश्न नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर सुटतो.

थांबे = ["कस्तूरचंद पार्क", "झिरो माइल", "सीताबर्डी", "काँग्रेस नगर"]
प्रिंट(थांबे[2])

सीताबर्डी छापलं जातं. कंसातला आकडा हा क्रमांक नाही, पहिल्या थांब्यापासूनचं अंतर आहे. कस्तूरचंद पार्कहून दोन थांबे पुढे सीताबर्डी. आणि कस्तूरचंद पार्क स्वतःपासून शून्य थांब्यांवर. झिरो माइलच्या दगडाशी अंतर शून्य असतं, तसंच. यादीत चार नावं आहेत, म्हणून थांबे[4] मागितलं की इंडेक्सएरर.

लेन मजकुराची लांबी मोजतो. मग लेन("नागपूर") किती? आपण चार अक्षरं मोजतो, पायथन 6 सांगतो: न, काना, ग, प, ऊकार, र. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने हे पहिल्याच आठवड्यात बघून ठेवावं.

एरर आला की लाल मजकुराची शेवटची ओळ आधी वाचा, तिथे एररचं नाव असतं. मग ओळ क्रमांक बघा. त्या ओळीत काहीच सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ तपासा, कंस तिथे उघडा राहिलेला असू शकतो. नेमएरर म्हणजे बहुधा स्पेलिंग.

रोज 40 मिनिटं, तीन तुकडे, प्रत्येकात एकच नवी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी कालचा एक तुकडा न बघता पुन्हा लिहायचा.

त्याच तीन ओळी तिसऱ्यांदा कॉपी कराव्याशा वाटल्या की फंक्शनची, म्हणजे नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या तुकड्याची, वेळ झाली.

डेफ बिल(प्लेट, भाव):
    प्रिंट(प्लेट * भाव)

एकूण = बिल(3, 40)
प्रिंट(एकूण + 20)

चहाचे 20 धरून 140 यायला हवेत. पडद्यावर 120 येतं आणि लगेच टाइपएरर. प्रिंट फक्त दाखवतो. एकूणच्या हाती काहीच पडलेलं नसतं, आणि 'काहीच नाही' मध्ये 20 मिळवता येत नाहीत. फंक्शनमधला प्रिंट काढून त्या जागी रिटर्न प्लेट * भाव लिहा, मग 140 येतील.