मिरचीची दोन कुंड्यांची वाडी

आमच्याकडं भिवापुरी मिरचीचं नाव मोठं, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण रोजच्या भाजीला घरची हिरवी मिरची लागतेच. मी तेलाच्या 15 लिटरच्या टिनाच्या डब्यात लावतो. बुडाला खिळ्यानं सात-आठ भोकं पाडायची, नाहीतर मुळं सडतात.

नुसती काळी माती भरू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं. पावसात चिखल आणि उघाडीत ही भेग, झाडं गेलीच. आता दोन भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग जुनं शेणखत. शेणखत हातात घेतलं तर भुसभुशीत लागलं पाहिजे, वास मारला नाही पाहिजे.

बी जूनच्या सुरुवातीला टाकतो, 35 ते 40 दिवसांनी रोप संध्याकाळी लावतो. एका डब्यात एकच. बायको म्हणते जागा वाया जाते. जाऊ दे.

खरी डोकेदुखी चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आखडण्याचा रोग. शेंड्याची पानं वाटीसारखी वळली की पान उलटं करून पाहा: पांढरी माशी, नाहीतर सुईच्या टोकाएवढे फुलकिडे. 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबणचुरा टाकून संध्याकाळी पानाच्या खालून फवारायची. आठवड्यानं पुन्हा. विषाणू लागून पुरतं आखडलेलं झाड मात्र उपटाच, त्याला औषध नाही.

पाणी बोट खुपसून पाहूनच द्या. एप्रिल-मे मध्ये फुलं गळतात, ते उन्हानं. तेव्हा दुपारी डबा निंबाच्या सावलीत सरकवा.