आपल्या वेगाची हद्द कशी मोजायची आणि कशी पुढं सरकवायची

कोल्हापुरात कुठल्याही ग्राउंडवर पहाटे जा, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी दिसतील. आधी राउंडवर राउंड मारायचे, अंगात काही उरलं नाही की शंभर मीटर काढायचं, आणि मग मला विचारायचं, "मॅडम, स्पीड का वाढत न्हाई?" कारण त्या वेळी तुम्ही स्पीडचा सराव करतच नसता, दमलेल्या पायांनी पळायचा सराव करत असता. वेग वाढवायचा तर आधी तो अडतो कुठं हे समजून घ्या.

माणसाची आजवरची हद्द १६ ऑगस्ट २००९ ला बर्लिनमध्ये दिसली. उसेन बोल्टनं १०० मीटर ९.५८ सेकंदांत काढलं. पण ही सगळ्या अंतराची वेळ झाली, खरा वेग आत दडलाय. ६० ते ८० मीटर हा टप्पा त्यानं १.६१ सेकंदात कापला, म्हणजे ताशी साधारण ४४.७ किलोमीटर. शेवटच्या २० मीटरला मात्र १.६६ लागले. म्हणजे सर्वोच्च वेग बोल्टलाही शेवटपर्यंत धरून ठेवता आला नाही. शेवटी तुमचा वेग पडतो म्हणून खचू नका, तो सगळ्यांचाच पडतो. आपला भारतीय धावपटू अनिमेष कुजूर, त्यानं २०२५ मध्ये १०० मीटरला १०.१८ ची वेळ दिली, त्यामुळं ही हद्द आपल्याला फार लांबची वाटायचं कारण नाही.

आता अडतं कुठं? बहुतेकांना वाटतं, पाय भराभर हलवले की झालं. पीटर वेयँड या अमेरिकन संशोधकानं सहकाऱ्यांबरोबर २००० मध्ये दाखवलं की वेगवान आणि हळू पळणारे हवेतला पाय पुढं आणायला जवळपास सारखाच वेळ घेतात. फरक पडतो तो पाय जमिनीला टेकलेला असताना. वेगवान धावपटू अंगाच्या वजनाच्या मानानं जमिनीवर जास्त जोर लावतो, आणि तोही फार थोड्या वेळात. पूर्ण वेगात असताना त्याचा पाय जमिनीवर सेकंदाचा दहावा भागसुद्धा टिकत नाही. स्नायूला त्याची सगळी ताकद उभी करायला याहून जास्त वेळ लागतो. २०१० मध्ये वेयँड आणि त्याच्या दुसऱ्या सहकाऱ्यांनी धावपटूंना एका पायावर उड्या मारायला लावून मोजलं, तेव्हा पळताना लागतो त्याहून जास्त जोर त्याच पायानं लावला. म्हणजे ताकद असते, ती वापरायला वेळ पुरत नाही. स्नायू आणखी झटपट आवळता आले तर माणूस ताशी ५६ ते ६४ किलोमीटरपर्यंत जाऊ शकेल, असा त्यांचा अंदाज होता.

तालमीत वाढलेल्या आमच्या पोरांना मी हेच समजावते. तुझ्या मांडीत जोर हाय, बैठका मारून कमावलेला हाय, तो सोडू नकोस. पण बैठकेत तो जोर सावकाश लागतो. पळताना तो झटक्यात लागला पाहिजे, आणि ती सवय वेगळी लावावी लागते.

आधी मोजा. स्टॉपवॉच नको, बोटाची चूक फार होते. मोबाइलचा स्लो मोशन वापरा, सेकंदाला २४० फ्रेमवाला. टेपनं २० मीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा करा आणि त्याआधी ३० मीटर धाव घ्यायला जागा ठेवा. मोबाइल २० मीटरच्या मध्यासमोर, लेनपासून पंधरा-वीस पावलं लांब, स्टँडवर पक्का बसवा. आता एकाला पहिल्या खुणेवर उभं करा आणि मोबाइल व लेनच्या मधे एक काठी अशी रोवा की स्क्रीनवर ती त्याच्या बेंबीवर येईल. दुसऱ्या खुणेलाही तसंच. हे केलं नाही तर तिरक्या नजरेमुळं अंतर चुकतं, आणि सगळे इथंच फसतात. मग पळा आणि बेंबी पहिल्या काठीपासून दुसरीपर्यंत जाताना किती फ्रेम गेल्या ते मोजा. ५५२ फ्रेम आल्या तर भागिले २४०, म्हणजे २.३० सेकंद. २० ला २.३० नं भागा, ३.६ नं गुणा: ताशी ३१.३ किलोमीटर. ही तुमची आजची हद्द, वहीत लिहून ठेवा.

सराव आठवड्यातून दोनदा, मधे निदान दोन दिवस सोडून, आणि राउंड मारायच्या आधी. वीस मिनिटं अंग तापवा. मग हेच ३० अधिक २० मीटर तीन-चार वेळा, दर वेळी मधे चार-पाच मिनिटं विश्रांती. पोरांना ही विश्रांती आळस वाटते, पण पूर्ण जोरात पळताना पहिल्या काही सेकंदांत स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे झटपट ताकद देणारं इंधन, झपाट्यानं खर्च होतं आणि ते भरून यायला मिनिटं लागतात. २.३० ची वेळ २.३७ वर गेली की त्या दिवशीचं काम थांबवा, मग अंगात कितीही हुरूप असो. पहिले दोन आठवडे नव्वद टक्क्यांवरच पळा.

तिसऱ्या एका दिवशी चढ. विद्यापीठाच्या परिसरातला सौम्य चढ चांगला, जोतिबाच्या रस्त्याचा खडा चढ नको, तिथं पाऊल जड पडतं. २०-३० मीटर, पाच-सहा वेळा, चालत खाली. रंकाळ्याच्या कडेनं फिरायला जरूर जा, पण तिथल्या फरशीवर आणि गर्दीत स्प्रिंट मारू नका. पावसाळ्यात ग्राउंडचा चिखल झाला की पळणं बंद ठेवून छपराखाली दोरीवरच्या उड्या मारा. गुडघे जवळजवळ ताठ, घोट्यातून उसळी, टाच टेकू द्यायची नाही. जोर झटक्यात लावायची सवय याच उड्यांनी लागते.

मांडीच्या मागच्या स्नायूला मात्र जपा. पूर्ण वेगात पाय पुढं जाऊन खाली येण्याच्या बेतात असतो, तेव्हा तो ताणलेला असतानाच जोर लावत असतो, आणि बऱ्याचदा तेव्हाच तो धरतो. त्यासाठी जोडीनं व्यायाम करा. गुडघ्यावर बसा, जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे, आणि कंबर सरळ ठेवून अंग जितकं सावकाश जमेल तितकं पुढं सोडायचं, शेवटी हात टेकायचे. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला पाच-पाचचे दोन सेट पुरेत. पळताना मागं चमक निघाली तर तिथंच थांबा, चोळू नका, आणि चालताना दुखणं पुरतं जाईपर्यंत वेगात पळू नका.

सहा आठवड्यांनी त्याच ग्राउंडवर, त्याच बुटांत, त्याच वेळेला पुन्हा मोजा. शक्यतो वारा पडलेला असताना. स्पर्धेत पाठीमागून सेकंदाला २ मीटरहून जास्त वारा असेल तर १०० मीटरचा विक्रम मानत नाहीत, मग आपल्या वहीतही वाऱ्याची वेळ धरू नका. २.३० ची २.२५ झाली तर ताशी ३२ किलोमीटर झाले. भरतीच्या १०० मीटरला एवढ्यानंही फरक पडतो.