उडत्या पक्ष्यावर ऑटोफोकस कसा टिकवावा

उडत्या पक्ष्याचे छायाचित्र बहुतेक वेळा हुकते ते फोकस आधीच भलत्या अंतरावर असल्यामुळे. म्हणून पक्षी येण्यापूर्वीच साधारण तेवढ्याच अंतरावरील एखाद्या झाडावर फोकस करून ठेवावा. मग लेन्सला थोडेच सरकावे लागते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी नुसता धूसर ठिपका न राहता चटकन सापडतो.

फोकस सतत चालू राहील अशी पद्धत निवडावी. निकॉन आणि सोनीच्या कॅमेऱ्यांत तिला ‘एएफ-सी’, तर कॅननमध्ये ‘सर्वो’ म्हणतात. निरभ्र आकाशासमोर फोकसचे विस्तृत क्षेत्र, म्हणजे चौकटीच्या ज्या भागात कॅमेरा फोकस शोधतो तो भाग मोठा, चालते, परंतु मागे झाडी किंवा लाटा असतील तर लहान क्षेत्र घ्यावे, अन्यथा फोकस पार्श्वभूमीतील ठळक रेषांकडे ओढला जातो. पक्षी ओळखण्याची सुविधा असल्यास ती चालू ठेवावी, मात्र गर्द फांद्यांत तिच्यावर विसंबू नये.

शटरचा वेग १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. फोकस सुटलाच, तर फोकसचे बटण दाबून धरण्यापेक्षा ते सोडावे, पक्षी पुन्हा चौकटीत घ्यावा आणि नव्याने दाबावे. फोकसचे काम शटरच्या बटणाऐवजी कॅमेऱ्याच्या मागील बटणाला नेमून दिले असेल, तर हे फारच सोपे जाते. सुरुवातीचे काही दिवस अंगठा चुकतो, तेवढे सोसावे.